जोडेघाट: पडीक रानाची लढाई

कोजागिरीला आपण दूध आटवतो, त्याच पौर्णिमेला तेलंगणातल्या जोडेघाटच्या डोंगरात गोंड समाज निजामाविरुद्ध उठाव करणाऱ्या कुमरम भीमची पुण्यतिथी पाळतो. १९४० साली इथेच निजामाच्या पोलिसांनी भीमला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. २०१६ साली इथे संग्रहालय उभं राहिलं. त्याच वर्षी आदिलाबादमधून नवा जिल्हा वेगळा झाला, त्याला भीमचंच नाव दिलं गेलं.

लढाईची संग्रहालयं बहुधा जिंकणाऱ्यांची असतात. स्पेनमध्ये सांता एलेनाला १२१२ सालच्या लढाईचं आहे. त्या धर्मयुद्धात ख्रिस्ती राजांनी अल्मोहाद खलिफाला हरवलं. जोडेघाटला मात्र हरलेल्यांची आठवण जपली आहे, म्हणून मला ते मोठं वाटतं. निजाम मुसलमान होता, एवढ्यावरून याही लढ्याला धर्मयुद्ध ठरवणारे भेटतात. ते चूक आहे.

भांडण रानाचं होतं. हलक्या जमिनीवर गोंड काही वर्षं पीक घेत, मग ती पडीक टाकून दुसरा तुकडा नांगरत. काही वर्षांनी जमिनीत कस आला की पुन्हा पहिल्या रानात परत. निजाम सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या तेव्हा ही पडीक रानं जंगलातच धरली गेली. नांगर घेऊन आलेला मालक एका रात्रीत गुन्हेगार ठरला. चांगल्या काळ्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्यांनी आपल्या नावावर करून घेतले. त्यांत तेलुगू होते तसे मराठी बोलणारेही होते. महाराष्ट्रातल्या जिवती तालुक्याच्या पलीकडचा हा इतिहास वाचताना आपण हे विसरू नये.

उठाव मोडल्यावर गोंडांचं दुखणं समजून घ्यायला निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना नेमलं. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंडांच्या गावात राहिले. त्यांच्या प्रयत्नाने तिथे गोंडी शाळा निघाली आणि मुलांच्या हाती गोंडी वाचनपुस्तकं आली. लिपी देवनागरी, कारण इथल्या गोंडांना मराठी येत होती. बेटींची समाधीही मारलवाईतच आहे.

जमिनीचा प्रश्न मात्र रेंगाळला. जंगलातल्या पोडू म्हणजे फिरत्या शेतीचे पट्टे वाटायला तेलंगण सरकारने भीमच्याच जिल्ह्यातल्या आसिफाबादेतून सुरुवात केली, ती ३० जून २०२३ रोजी.