काढ्यात काय असते?

सर्दी झाली की आपण काढा करतो. परसातला गवती चहा, तुळशीची पाने, आल्याचा तुकडा. पाणी उकळले की घरभर वास सुटतो. हा वास कशाचा? पानांत एक तेल असते, त्याचा. लवंगेतले तेल थोडे तुळशीतही असते. ते वाफेबरोबर उडते. म्हणून काढा झाकण ठेवून करावा. आल्याच्या तिखट रसाने मळमळ कमी होते. हे डॉक्टरही मानतात.

म्हणजे काढा हे औषधच झाले. औषध म्हटले की माप आले. घेणारा माणूसही पाहावा लागतो. ज्येष्ठमध घशाला बरा. पण रोज घेतला तर अंगात मीठ आणि पाणी साठते, रक्ताचा दाब वाढतो. अडुळशाने कफ सुटतो. पण गर्भाची पिशवी आवळू शकते. गरोदर बाईने तो घेऊ नये.

आता गुळवेलीचे पाहू. आपल्या नागपूरकडे ती कडुनिंबावर चढलेली दिसते. २०२० साली करोनाची साथ आली. औषध ठाऊक नव्हते, लोक घाबरले होते. घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. कोणी तर महिनोन्‌महिने प्याले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात सहा रोगी आले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती.

असे का व्हावे? डॉक्टर म्हणतात, गुळवेल शरीराची राखण करणारी शक्ती चेतवते. एखाद्याच्या अंगात ही शक्ती आपल्याच यकृतावर उलटते. शेताचा राखणदारच पिकात शिरावा, तसे! सरकारच्या आयुष मंत्रालयाला हे पटले नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असे त्यांनी २०२१ साली सांगितले. पुढे देशात इतर ठिकाणीही असे रोगी आढळले.

हा वाद जाणत्यांचा. आपण काय करावे? वेल जाणत्या वैद्याला दाखवावी. किती दिवस घ्यायची तेही विचारावे. ज्याला आधीच यकृताचे दुखणे आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये, असे आम्हांला वाटते.

काढा घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशी बंद करावा. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तिथून नागपूरला मेडिकलला किंवा मेयोला पाठवले तर जावे. काढा घेतला हे लपवू नये, डॉक्टर रागावत नाहीत. वेलीचा तुकडा सोबत न्यावा.