तापातली आकडी : ना बाधा, ना आईचा दोष

तापाने फणफणलेले मूल एकाएकी डोळे पांढरे करते, हातपाय ताठतात, झटके येतात. घरात रडारड होते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, तर कुणी अंगाऱ्यासाठी भगताकडे धावतो. शेवटी खापर फुटते ते आईच्या माथी. 'हिच्या माहेरचीच खोड' म्हणून सुनेला टोचले जाते.

ही बाधा नव्हे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांत दोन ते पाच जणांना तापात आकडी येते. मग शेजारच्या मुलालाही तेवढाच ताप असून त्याला ती का येत नाही? याचे एक कारण जनुकांत आहे. मेंदूच्या पेशींना सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांचा आराखडा जनुकांत असतो. त्यात फरक असला, तर तापात पेशी लवकर भडकतात. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना पिढ्यान्पिढ्या आकडी येणाऱ्या एका कुटुंबात असा बदल सापडला. बहुतेक मुलांत मात्र अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि जनुके आई-बाप दोघांकडून येतात. मग दोष एकट्या सुनेला का?

आकडी आल्यास काय करावे?

मुलाला कुशीवर निजवा. कपडे सैल करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, पुन्हा आली, मूल शुद्धीवर येईना किंवा मान ताठ वाटली, तर १०८ला फोन करून तडक दवाखाना गाठा. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, पण आकडी टळेलच असे नाही. लसीनंतरच्या तापातही क्वचित आकडी येते. म्हणून लस चुकवू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

साध्या आकडीने बुद्धी मंदावत नाही. साधारण तिघांपैकी एका मुलाला ती पुन्हा येते, पण पाच-सहा वर्षांनंतर बहुतेकांची थांबते. तेव्हा दोन्हीकडच्या आजींना विचारा, लहानपणी कुणाला आकडी येत होती का? उत्तर मिळाले, तर ते भांडणासाठी नव्हे, डॉक्टरांना सांगण्यासाठी जपून ठेवा.