बर्फावर चालण्याच्या लाकडी फळ्या

आपल्या ठाणे-कल्याणकडे बर्फ पडत नाही. तथापि खाडीच्या चिखलात पाय कसा रुततो, हे येथील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याच चिखलावर फळी टाकून उभे राहिल्यास शरीराचा भार अधिक जागेवर विभागला जातो व माणूस रुतत नाही. हेच तत्त्व उत्तरेकडील हिमप्रदेशांतील लोकांनी प्राचीन काळीच योजिले. प्रत्येक पायास एक लांब, अरुंद फळी बांधून ते बर्फावरून घसरत जात. या फळ्यांस ‘स्की’ म्हणतात.

नॉर्वे देशातील डिगरवार्डन पर्वतावर वितळत्या बर्फातून २०१४ साली अशी एक फळी निघाली. तिची जोडीदारीण २०२१ साली अवघ्या पाच मीटरांवर सापडली. ही जोडी सुमारे १३०० वर्षांपूर्वीची आहे. दुसरी फळी १८७ सेंटिमीटर लांब व १७ सेंटिमीटर रुंद आहे. बर्च वृक्षाच्या पिळलेल्या डहाळ्या व चामड्याची वादी यांनी ती पायास बांधीत. फळ्यांवर डागडुजीच्या खुणा आहेत. म्हणजे मोडले म्हणून धन्याने त्या टाकून दिल्या नाहीत.

ज्या बर्फाने त्या जतन केल्या, तोच आता वितळत आहे. उघड्या पडलेल्या वस्तू वेळीच न उचलल्यास कुजून जातील. विद्यार्थ्यांनो, आपल्या माळ्यावरील जुने अवजार टाकण्यापूर्वी तेही एकवार नीट पाहा, आणि ते कोणी व कसे वापरिले, हे घरच्या वडील मंडळींस विचारा.