शाबासकी कशाची द्यावी?

योग्य सराव, चांगली पद्धत आणि वेळेवर मदत मिळाली तर क्षमता वाढते, या धारणेला ‘विकासशील मनोवृत्ती’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ती मांडली. क्लॉडिया म्युलर यांच्यासह १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांना कोडी दिली. ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली नेटाने झटत राहिली.

पण ही मनोवृत्ती रुजवणे हा रामबाण उपाय नव्हे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांच्या सहभागाने याचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासात कमी गुणांच्या मुलांची प्रगती झाली, तीही थोडीच. म्हणून नुसते ‘प्रयत्न कर’ म्हणू नये. गणित चुकले तर कोणती पायरी हुकली ते पाहावे, दुसरी रीत दाखवावी. स्वतः काही शिकतानाही अडल्यास पद्धत बदलावी, जाणकाराला विचारावे.