फळा आणि पडदा

मुलांनो, तुम्ही रोज ज्या वर्गात बसता त्याच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. तेथे फळा आहे. पुष्कळ शाळांतून आता फळ्याच्या शेजारी पांढरा पडदाही आलेला आहे. कळ दाबली की त्यावर चित्रे हलू-बोलू लागतात. फळा जुना आणि पडदा नवा. तेव्हा फळ्यापेक्षा पडदा अधिक चांगला, असे तुम्हांस वाटत असेल. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज आपण विचार करू. या बाबतीत माझे डोळे उघडले ते माझ्याच एका विद्यार्थिनीने.

शिकविण्याच्या साधनांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फार पूर्वी आपल्याकडे मुले लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर अक्षरे गिरवीत. ती धूळपाटी. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपणांस तिनेच दिला. पुढे दगडी पाटी आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जेम्स पिलन्स नावाचे एक मुख्याध्यापक होते. ते मोठ्या फळ्यावर रंगीत खडूंनी नकाशे काढून भूगोल शिकवीत. आज ज्या फळ्याकडे आपण वळूनही पाहत नाही, तो त्या काळी नवलाचा विषय होता! आपल्या देशात १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८७ साली खडू-फळा योजना सुरू झाली; खेड्यातील लहानशा शाळेलाही निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचे आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. २० सप्टेंबर २००४ रोजी तर केवळ शिक्षणासाठी बनविलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला.

साधने अशी एकामागून एक आली. परंतु साधन शाळेत येणे वेगळे आणि ते शिक्षकाच्या हाती बसणे वेगळे. माझीच गोष्ट सांगतो. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत पहिला संगणक आला. धुळीने तो बिघडेल म्हणून आम्ही त्याला नक्षीदार कापडी आच्छादन शिवले आणि खोलीला कुलूप लावले. खंडेनवमीला त्याची फुले वाहून पूजा करीत असू. वापर मात्र आम्ही क्वचितच केला. कारण चुकीची कळ दाबली जाईल ही भीती मुलांपेक्षा आम्हां शिक्षकांनाच अधिक होती. ते भय झाकण्यासाठीच ते सुंदर आच्छादन होते, हे आज कबूल करावयास मला संकोच वाटत नाही.

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. ती मिठबावची मुलगी. मिठबाव हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात समुद्रकाठी वसलेले गाव. एका बाजूस माडांच्या बागा व पांढरी वाळू, तर दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचा उघडा सडा. २०२० साली करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद पडल्या, तेव्हा ती नववीत होती. शिक्षक घरून शिकवीत आणि मुले भ्रमणध्वनीवर, म्हणजे आपल्या मोबाइलवर, ऐकत. पण गावात सर्वत्र संपर्क मिळत नसे. छत्री घेऊन ती सड्यावर जाऊन बसे. त्याच वर्षी शेजारच्या कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने अभ्यासासाठी डोंगरावर झोपडी उभारली होती, ही बातमी वर्तमानपत्रांतून सर्वत्र गाजली.

आमच्या या मुलीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरी तसा फोन नव्हता. काही दिवस तो शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन धडे ऐकत असे. पुढे तो रापणीवर जाऊ लागला. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे मोठे जाळे म्हणजे रापण. शाळा पुन्हा उघडली, सगळी मुले परत आली. त्याची जागा मात्र रिकामीच राहिली. ती रिकामी जागा या मुलीच्या मनातून गेली नाही. बारावीनंतर तिने अध्यापक विद्यालयात नाव घातले. सुट्टीत भेटावयास आली तेव्हा तिने आपली दैनंदिनी मला वाचावयास दिली. छात्राध्यापिका म्हणून तिने घेतलेल्या पाठांची टिपणे तीत होती. त्यांतील काही भाग तिच्या संमतीने येथे सांगतो.

आरंभीची पाने चुकांनीच भरलेली आहेत. एका पाठात ती पडद्यासमोर उभी राहिली आणि अर्धे चित्र तिच्याच साडीवर उमटले! एका पाठात अक्षरे इतकी बारीक होती की मागच्या बाकावरील मुलांना ती दिसलीच नाहीत. एकदा खिडक्या उघड्या राहिल्याने चित्र फिके पडले. पुढच्या वेळी त्या बंद केल्या, तर काळोखात मुले पेंगू लागली. प्रत्येक चुकीखाली तिने उपाय लिहून ठेवला आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती यंत्र जोडून पाही आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतःच अक्षरे वाची. महिनाभरात यंत्राची भीती गेली. आता आपणांस सर्व काही आले, असे तिला वाटू लागले. खरी परीक्षा पुढेच होती.

तो पाठ होता भरती-ओहोटीचा, आणि वर्ग होता सातवीचा. खाडीकाठची शाळा. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. तिने भरती-ओहोटीची एक सुंदर चित्रफीत मिळविली होती. फिरणारी निळी पृथ्वी, तिच्याभोवतीचा चंद्र, फुगणारे पाणी, सारे काही तीत होते. मुले स्तब्ध होऊन पाहत होती. पाठ निरीक्षिणारे गुरुजी मागे बसून समाधानाने मान डोलावीत होते. इतक्यात पावसाची जोराची सर आली आणि वीज गेली. पडदा विझला.

वर्गात क्षणभर शांतता पसरली. तिच्या पाठ टाचणात पुढची वीस मिनिटे त्या चित्रफितीचीच होती! काहीतरी बोलावयाचे म्हणून तिने विचारले, “आतापर्यंत काय पाहिलेत, सांगा बरे?” एक मुलगी म्हणाली, “पृथ्वी निळी होती.” दुसरी म्हणाली, “चंद्र फिरत होता.” त्यापुढे कोणी जाईना. तेव्हा खिडकीजवळचा एक अबोल मुलगा हळूच म्हणाला, “बाई, आज बारा वाजता भरती आसा. उद्या ती ह्या वेळार येवची नाय. पाऊण तास उशिरा येतली.” त्याचे वडील मासेमारी करीत. भरतीची वेळ त्याच्या घरात रोज मोजली जात होती.

“उशिरा का येते?” असे तिने वर्गाला विचारले. कोणास ठाऊक नव्हते. येथे दैनंदिनीत तिने एक वाक्य लिहिले आहे व त्याखाली रेघ ओढली आहे: ‘याचे उत्तर चित्रफितीत येऊन गेले होते, पण प्रश्न कोणाच्याच मनात नव्हता, म्हणून उत्तर कोणाच्या कानी राहिले नाही.’

मग तिने खडू उचलला. बाके सरकवून जमिनीवर एक मोठे वर्तुळ काढले. एका मुलीला मध्ये उभे केले, ती पृथ्वी. तिच्या छातीवर ‘मिठबाव’ लिहिलेला कागद लावला. त्या अबोल मुलाला वर्तुळावर तिच्यासमोर उभे केले, तो चंद्र. पृथ्वीने स्वतःभोवती एक गिरकी घ्यावयाची आणि तेवढ्यात चंद्राने त्याच दिशेने वर्तुळावर एक लहान पाऊल टाकावयाचे. गिरकी पुरी झाली, पण ‘मिठबाव’ चंद्रासमोर आलेच नाही! चंद्र थोडा पुढे सरकला होता. त्याला गाठण्यासाठी पृथ्वीला आणखी थोडे वळावे लागले. “बाई, हाच तो उशीर!” वर्गातून आवाज उठला.

मुलांनो, या खेळातील शास्त्र असे आहे. समुद्राचे पाणी फुगते ते मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे. पृथ्वीच्या चंद्रासमोरील बाजूस भरती येते, तशीच ती विरुद्ध बाजूसही येते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत फिरते. पण तेवढ्यात चंद्र पुढे गेलेला असल्यामुळे तेच ठिकाण पुन्हा चंद्रासमोर येण्यास सरासरी २४ तास ५० मिनिटे लागतात. साहजिकच एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांचे आकर्षण एकवटते आणि मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे काटकोनात असतात. तेव्हाची लहान भरती म्हणजे भांग. मुंबई-अलिबागकडील लोक तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. हा ठोकताळा आहे आणि किनारा बदलला की वेळही थोडी बदलते. तरी रोजच्या पाऊण तासाचे गणित त्यात कसे बसले आहे, ते पाहा.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वीज गेल्यावर पाठ रंगला, म्हणून यंत्र नको, असे त्या भावी शिक्षिकेने ठरविले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतील शिक्षकांच्या सोबतीने तिने मुलांना खाडीच्या धक्क्यावर नेले. तेथे एका बांबूवर वीत-वीत अंतराने रंगाचे पट्टे ओढून तो धक्क्याला घट्ट बांधला. दर पंधरा मिनिटांनी एकाच जागेवरून मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतले. पहिल्या दिवशी पाणी पाऊण वाजता सर्वांत वर चढले. दुसऱ्या दिवशी त्याला जवळजवळ दीड वाजला. मग ती छायाचित्रे ओळीने लावून तिने पडद्यावर दाखविली. दोन तासांचे पाणी मुलांनी अर्ध्या मिनिटात चढताना पाहिले. ते फळ्यावर कधीच दाखविता आले नसते! शेवटी तीच जुनी चित्रफीत तिने पुन्हा लावली. या वेळी मुले तीत निळा रंग पाहत नव्हती. चंद्र किती पुढे सरकतो, ते पाहत होती.

साधन आधी आणि प्रश्न मागून आला, की मन रिकामे राहते. प्रश्न आधी आला, तर तेच साधन सोन्याचे होते. जगातही हेच दिसून येईल. तुमच्या पाठ्यपुस्तकात छापलेला तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, पाहा. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद लवकर व्हावी म्हणून तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींमुळे तो उलटा धरला तरी यंत्राला दिशा कळते. थोडासा मळला वा फाटला तरी तो वाचता येतो. कारखान्यातील या साधनाचा शाळेला काय उपयोग? हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पडला. त्यांनी पुस्तकांत हे कोड घालून मुलांना कविता, गोष्टी व पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लक्ष डॉलर्सच्या त्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर आमच्या विद्यार्थिनीने स्वतःसाठी तीन नियम लिहिले आहेत. पहिला: यंत्र आधी आपण शिकावे, मग वर्गात न्यावे. दुसरा: वीज गेली तरी पाठ उभा राहील, अशी तयारी ठेवावी. तिसरा: कोणतेही साधन वापरण्यापूर्वी त्यामुळे कोणते मूल बाहेर राहील, हे आधी पाहावे.

तिसरा नियम वाचताना मी थांबलो. तो रापणीवर गेलेला मुलगा माझ्याही शाळेचा होता. त्याची रिकामी जागा मी रोज पाहत होतो. तिने ती पाहून नियम केला. मी तिला एवढेच म्हणालो, “बाळ, तू शिक्षिका झालीस.” ती हसून म्हणाली, “नाही सर, अजून एक वर्ष आहे.”

मुलांनो, उद्या तुमच्या वर्गात पडदा उजळेल तेव्हा आनंदाने पाहा. पण पाहण्यापूर्वी मनात एक प्रश्न तयार ठेवा. आणि शेजारच्या सोबत्याला पडदा दिसतो आहे ना, हेही पाहा. दिसत नसेल, तर जरा सरकून त्याला जागा द्या.