बर्ड फ्लू आला म्हणून चिकन सोडायचं का? भीती नेमकी कशाची बाळगायची?

‘बर्ड फ्लू आलाय, चिकन-अंडी खाऊ नका, सगळ्यांना पाठवा.’ कुठे कोंबड्या मेल्याची बातमी आली की असा मेसेज आष्टी, आर्वी, कारंजाच्या ग्रुपवर पोहोचायला वेळ लागत नाही. त्यात ‘आष्टी’ नाव वाचलं तर आधी जिल्हा बघा. आष्टी बीड जिल्ह्यातही आहे आणि जानेवारी २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. आपली आष्टी वर्धा जिल्ह्यातली.

पण मूळ प्रश्न उरतोच. चिकन खायचं की नाही?

शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होतो का?

नीट शिजवलेल्या चिकनमधून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान गेलं की हा विषाणू मरतो. आपला रस्सा तर खदखदून उकळतो. सावजी असो की घरचा साधा रस्सा, त्यात विषाणू टिकत नाही.

अडचण अर्धवट शिजलेल्या पदार्थांची आहे. बाहेरून करपलेलं आणि आतून गुलाबी राहिलेलं तंदुरी, बलक पातळ असलेलं हाफ फ्राय, कच्चं अंडं हे अशा काळात टाळावं. फ्रीजमध्ये ठेवल्याने विषाणू मरत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग माणसांना लागण होते कशी?

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावल्याने, तो सोलताना, त्याच्या विष्ठेच्या संपर्कातून. म्हणजे धोका ताटातल्यापेक्षा खुराड्यात आणि कापण्याच्या जागी जास्त आहे.

हा आजार माणसांत क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ चे हजाराच्या आसपास रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. भारतात पहिला मृत्यू २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा झाला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात एक चिमुकली दगावली. तिला कच्च्या चिकनचा तुकडा दिला होता, असं घरच्यांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या.

शेजारच्या नागपूरचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ निघाला. हे प्राणी मांस कच्चंच खातात, त्यामुळे संशय खाद्यावर गेला होता.

ब्रॉयलर सोडून गावरान घेतली तर?

अनेकांना हा उपाय सुरक्षित वाटतो, पण तसं नाही. गावरान कोंबडी दिवसभर मोकळी फिरते, कावळ्यांसोबत उकिरडा उकरते, उघड्यावरचं पाणी पिते. हा विषाणू रानटी पाणपक्ष्यांमधून पसरतो आणि हिवाळ्यात अप्पर वर्धासारख्या जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यामुळे परसातल्या कोंबड्यांवरही लक्ष हवं.

अर्थात मेलेली प्रत्येक कोंबडी बर्ड फ्लूचीच नसते. मानमोडी म्हणजे राणीखेतनेही खुराडी रिकामी होतात. नेमकं कारण प्रयोगशाळाच सांगू शकते. बर्ड फ्लूचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात.

बर्ड फ्लू निघाला तर सरकार काय करतं?

भारतात पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, देशभर चिकनचे भाव कोसळले. पण तिथे एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही अशीच मोहीम राबवली गेली.

सध्याच्या आराखड्यानुसार उद्रेकाच्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्यांची भरपाई मात्र मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच कळवण्यात पाळणाऱ्याचा फायदा असतो.

अफवेने नक्की कोणाचं बिघडतं?

बाधित क्षेत्रातल्याला निदान भरपाई तरी मिळते. तिथून शंभर किलोमीटरवर, निरोगी कोंबड्या सांभाळणाऱ्याचा भाव फॉरवर्डमुळे पडला, तर त्याला काहीच मिळत नाही. २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो, या अफवेने हेच झालं. पक्षी मातीमोल भावाने गेले. आणि बदनामीची भीती बसली की माणूस मेलेल्या कोंबड्या गुपचूप ओढ्यात फेकतो. तिथूनच रोग पुढे सरकतो.

तुम्ही काय करायचं?

• कच्चं चिकन हाताळल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धुवा. त्याच पाटावर लगेच कोशिंबीर चिरू नका.
• आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, सोलू नका.
• एकदम बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा.
• पक्ष्यांच्या संपर्कानंतर ताप-खोकला आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणि पुढचा मेसेज आला की गाव, तारीख आणि तपासणीचा अहवाल या तीन गोष्टी त्यात शोधा. त्या नसतील तर तो पुढे पाठवू नका.