मनाचा कल मोजणारे नऊ प्रश्न

दिवाळी झाली की आपल्या वडशाला नाटकांचे दिवस येतात. झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक रंगतं आणि दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत त्याचीच चर्चा चालते. एकीवर जीव टाकणारा तो नायक आणि दर अंकात नवी गाठणारा तो दुसरा. माणसं अशी वेगवेगळी का असतात? आणि हा फरक मोजता येतो का? आज आपण याच प्रश्नावर बोलू. विषय थोडा लाजेचा वाटेल, पण कामाचा आहे.

मोजण्याचा प्रयत्न झालेला आहे. 1991 मध्ये जेफ्री सिम्पसन आणि स्टीव्हन गँगेस्टॅड या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावली मांडली. प्रेम आणि बांधिलकी नसतानाही शरीरसंबंधाकडे माणसाचा किती कल असतो, हे तिच्यातून पाहायचं होतं. त्या वेळी सगळ्या उत्तरांचा मिळून एकच आकडा निघायचा. 2008 मध्ये लार्स पेन्के आणि येन्स आसेनडोर्फ या जर्मन अभ्यासकांनी ती सुधारली. आता तिच्यात नऊ प्रश्न आहेत, तीन-तीनचे तीन भाग. पहिला भाग वागण्याचा: प्रत्यक्षात काय घडलं? दुसरा मताचा: प्रेमाशिवाय संबंध तुम्हाला मान्य आहे का? तिसरा इच्छेचा: मनात काय येतं?

हे तीन भाग वेगळे का केले, ते समजून घ्या. मनात विचार आला म्हणून माणूस तसं वागतोच असं नाही. एखादी बाई दुसऱ्याच्या बाबतीत उदार मताची असेल, आणि स्वतः मात्र एकाच जोडीदारासोबत सुखी असेल. सगळं एकाच आकड्यात कोंबलं तर तिची ओळखच चुकते.

डेव्हिड श्मिट यांनी 48 देशांत ही जुनी प्रश्नावली भरून घेतली आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापले. पुरुषांचे सरासरी गुण बायकांपेक्षा जास्त निघाले. पण जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त, तिथे हे अंतर कमी दिसलं. शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येक माणूस नव्हे. ‘पुरुषाची जातच तशी’ असं म्हणून कोणाचं वागणं माफ करायला हा आकडा उपयोगी नाही.

आता खरी अडचण. लोक खरं सांगतात का? 2003 मध्ये मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना वाटलं, आपली उत्तरं दुसरा कोणी वाचेल. काहींना खोटं पकडणारं यंत्र लावल्याचं भासवलं. पहिल्या गटात मुलामुलींच्या उत्तरांत बराच फरक होता, यंत्रवाल्या गटात तो जवळजवळ उरला नाही. म्हणजे काही फरक स्वभावाचा नसून बदनामीच्या भीतीचा होता.

आपल्याकडेही हेच दिसतं. 2006-07 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी झाली. लग्नाआधीच्या संबंधांबद्दल तोंडी विचारलंच, शिवाय उत्तर नाव नसलेल्या बंद पाकिटातही मागितलं. तोंडी न सांगितलेलं काहींनी पाकिटात सांगितलं.

आपल्या गडचिरोलीचं उदाहरण तर जगाला माहीत आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, ती 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. दुखणं अंगावर होतं, पण विचारायला कोणी आलं नव्हतं. विश्वासानं विचारलं तरच खरं बाहेर येतं.

म्हणून आमचं म्हणणं ऐका. ही प्रश्नावली अभ्यासकांसाठी आहे, ती चारित्र्याचा दाखला नाही. मोबाईलवरची चाचणी भरायला लावून कोणी मुलीची परीक्षा पाहत असेल, किंवा सोयरीक जमवताना असले प्रश्न काढत असेल, तर नाही म्हणा. भीतीपोटी दिलेलं उत्तर खरं नसतं, आणि खरं उत्तर उद्या तिच्याच विरुद्ध वापरलं जातं.

शिवाय सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी या नऊ प्रश्नांत नाहीतच. तो खरं बोलतो का? तुमची ‘नाही’ ऐकतो का? आजाराची शंका आली तर सोबत दवाखान्यात येतो का? एकाच बायकोशी बांधलेला नवराही जबरदस्ती करू शकतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा घरातल्या लैंगिक छळालाही हिंसाच मानतो. मदत लागली तर 181 वर फोन करता येतो.

तेव्हा मुलीला लग्नाआधी बोलू द्या, आणि मुलालाही हेच शिकवा. कोणाचा कल किती, हे कागदावर मोजता येईल. माणूस कसा, हे त्याच्या वागण्यातूनच कळतं.